मांजराला प्रवासात पॅरासिटामॉल? अजिबात देऊ नका

"मांजर घेऊन प्रवास, सोपे घरगुती उपाय" असा एक मेसेज बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मावशी पुढच्या आठवड्यात चोर्ला घाटातनं गोव्यात म्हापशाला लेकीकडं चाललीय, मनीला घेऊन. काल फोनवर विचारते, "गोळी घरात हायच की, अर्धी दिऊ काय?" म्हणून लिहायला बसलोय.

मेसेज म्हणतो, अर्धी पॅरासिटामॉल द्या, मांजर शांत झोपतं, साइड इफेक्ट नाही. अहो, ती झोपेची गोळीच नव्हे, तापाची आहे! आणि मांजराला ती सरळ विष आहे. आपलं लिव्हर ते औषध पचवून बाहेर टाकतं, मांजराकडं त्यासाठी लागणारं एन्झाइमच पुरेसं नसतं, मग रक्त ऑक्सिजन नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड नि पंजे सुजतात, धाप लागते. मर्क व्हेटरनरी मॅन्युअल (जनावरांच्या डॉक्टरांचं संदर्भ पुस्तक) उघडून बघा, किलोमागं 10 मिलीग्रॅमपासून विषबाधा होऊ शकते. मनी 4 किलोची, म्हणजे 40 मिलीग्रॅम. 500 च्या गोळीची अर्धी म्हणजे 250, सहापट! आणि टोपलीत गप पडलेलं मांजर बघून लोकांना वाटणार, औषध लागू पडलं. कणकुंबीच्या पुढं घाटात डॉक्टर कुठनं आणणार? कुणी आधीच दिली असेल तर लक्षणांची वाट बघत बसू नका, गोळीचं पाकीट घेऊन लगेच जनावरांच्या डॉक्टरकडं पळा, उतारा आहे, पण लवकर दिला तर उपयोग.

घाबरट मांजरासाठी प्रवासाचं औषध असतं हे मात्र खरं. गॅबापेंटिन बरेच डॉक्टर देतात, पण वजन नि तब्येत बघून. ते त्यांनाच विचारा.

"निघताना पोटभर दूध पाजा" म्हणे. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचतच नाही, त्यात जांबोटीपासनं वळणं सुरू, ओकारी नि जुलाब दोन्ही गाडीत. निघायच्या तीनेक तास आधी खाणं बंद, पाणी चालेल.

"पोत्यात बांधा, अंधारात शांत राहतं." अंधाराचं थोडं बरोबर आहे, पण पोत्यात जीव घुसमटतो. जाळीचा कॅरियर घ्या, वर पातळ सुती कापड टाका, हवा खेळती राहू दे. कॅरियर आजपासनंच घरात उघडा ठेवा, आत तिचं नेहमीचं फडकं घाला, जेवणही तिथंच द्या.

आणि मांडीवर मोकळं अजिबात नको, घाबरून ब्रेकखाली शिरलं तर गाडीतले सगळेच गेले. कॅरियर पुढच्या सीटच्या मागं खाली घट्ट बसवा, चहाला थांबलात तरी दार उघडू नका.