‘दिसलं की कळतं’ म्हणे!

महिनाभर एक मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर दोनदा, आणि परवा धाकट्या जावेनेही पाठवला. मजकूर थोडक्यात असा: मुलावरचा अत्याचार कुणालाही दिसला की कळतो, त्याची व्याख्या कसली करता? आईबापांचा मार म्हणजे संस्कार, आणि आता म्हणे कायद्याने आईचा धपाटाही गुन्हा ठरवलाय. खरी हेळसांड करतात ती पोरं वाऱ्यावर सोडून जाणारी माणसं. हे असंच चाललं तर उद्या इथेही नॉर्वे होईल. शेवटी हात जोडलेली चार चिन्हं आणि ‘आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?’

मी एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर तीन वर्षं सदस्य होते. एक अध्यक्ष, चार सदस्य. समोर आलेलं मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे की नाही, हे ठरवायचं. चहा थंड होईपर्यंत आम्ही त्यावर भांडायचो. म्हणून हा मेसेज वाचून मुकाट्याने पुढे जाणं मला जमेना.

‘दिसला की कळतो.’ न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ साली सहा तान्ह्या मुलांबद्दल लिहिलं. डोक्यात साकळलेलं रक्त आणि हातापायांची लांब हाडं मोडलेली. पण मूल पडलं-झडलं अशी हकिगत नाही. फिल्मवर सगळं स्वच्छ दिसत होतं, तरी ही हाडं कुणी मोडली हे कॅफींनी ठामपणे म्हटलं नाही. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराला नाव दिलं ते १९६२ साली. मध्ये सोळा वर्षं गेली. आईबाप असं करतील हे मानायलाच डॉक्टर तयार नव्हते.

उलटंही होतं. आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर डाग असतात. माहीत नसलेल्याला तो मुका मार वाटतो.

आणि ज्याच्या अंगावर काहीच नसतं त्याचं काय? रेल्वे पोलिसांनी स्टेशनवरून आणलेला एक तेरा वर्षांचा मुलगा आठवतो. इस्त्रीचा शर्ट, पायात महागडे बूट. चाचणीत मार्क कमी पडले म्हणून घरात अकरा दिवस त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. ताट वाढून टेबलावर ठेवायचे, की सगळे उठून आत. वडील आम्हाला म्हणाले, ‘मॅडम, आम्ही त्याला आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही.’ खरंच लावलं नव्हतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ मध्ये, म्हणजे मुलांशी क्रूरतेबद्दलच्या कलमात, शारीरिक यातनेच्या जोडीला मानसिक यातनाही आहे. पण अकरा दिवसांच्या अबोल्याला ‘क्रूरता’ म्हणायचं का? आमच्यात दोघे हो म्हणाले, तिघे नाही. मी नाही म्हणणाऱ्यांत होते. आज मला तितकी खात्री वाटत नाही.

‘धपाटाही गुन्हा.’ हे धादांत खोटं आहे असं मी म्हणणार नाही, अर्धवट आहे. शाळेत बंदी आहे, शंकाच नको: शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. घराबाबत मात्र असं सरसकट कलम आपल्याकडे नाही. उलट १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देणारी तरतूद जुन्या दंड संहितेत (कलम ८९) होती आणि नव्या न्याय संहितेतही ती ठेवली आहे. कलम ७५ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण ती कशासाठी? मुलाला ‘अनावश्यक’ यातना होतील अशा तऱ्हेच्या मारहाणीसाठी, किंवा ‘जाणूनबुजून’ केलेल्या हेळसांडीसाठी. सगळं घोडं या दोन शब्दांपाशी अडतं. आवश्यक यातना म्हणजे किती? हे ठरवायला मोजपट्टी कुणी देत नाही.

व्याख्या बदलली की आकडा बदलतो, हेही पाहा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. दर तिघांतल्या दोघांवर शारीरिक अत्याचार, असा निष्कर्ष निघाला. त्यात थप्पड, लाथ, काठी, ढकलणं, गदागदा हलवणं सगळं एकाच खात्यात धरलं होतं. थप्पड वगळा, आकडा उतरेल. ती वगळावी का, हाच तर वाद आहे! आणि घरात मार खाल्लेल्या मुलांपैकी बहुतेकांना मारणारे खुद्द आईवडीलच होते, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या कानावर गेलेलं दिसत नाही.

आता ‘पोरं वाऱ्यावर सोडणारी माणसं’. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

एका दुपारी पोलिसांनी दोन भावंडं आणली. ती नऊची, तो चारचा. पत्र्याच्या खोलीला बाहेरून कुलूप, आत मुलं. शेजारच्याने फोन केला, कुलूप तोडलं. कागदावर याहून स्वच्छ हेळसांड सापडणार नाही. संध्याकाळी आई धावत आली. चार घरची धुणीभांडी. हातात किल्ली तशीच, तुटलेल्या कुलुपाची. तिने एका दमात सांगितलं: डब्यात भाकरी आणि चटणी ठेवली होती, पाण्याची कळशी भरली होती, काडेपेटी वर फळीवर ठेवली होती. कुलूप का? शेजारचा दारू पिऊन पोरीला हाका मारतो म्हणून. फोन कुणी केला ते आम्ही तिला सांगितलं नाही. अंगणवाडी बाराला सुटते, तिचं शेवटचं घर साडेपाचला. या मधल्या साडेपाच तासांचं काय करायचं, ते तिने आम्हालाच विचारलं. पाचही जण गप्प.

बीडकडच्या ऊसतोडीचंही तेच. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, खाडा पडला की पैसे कापतात. दिवाळीनंतर निघायचं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचं. मूल सोबत नेलं तर शाळा बुडते आणि ते थंडीत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, राहतं. गावात ठेवलं तर थकलेल्या आजीच्या गळ्यात किंवा हंगामी वसतिगृहात. यातली हेळसांड कुठली आणि ती करतंय कोण? कलम ७५ लिहिणाऱ्यांनीही एक खिडकी ठेवलीय: हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून केलं असं मानायचं नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एवढीही ठेवलेली नाही.

नॉर्वेबद्दल थोडक्यात. २०११ साली स्तावांगर इथल्या एका भारतीय दांपत्याची दोन मुलं तिथल्या बालसंरक्षण यंत्रणेने ताब्यात घेतली. हाताने भरवतात, मुलांना जवळ झोपवतात, अशी कारणं आपल्या वर्तमानपत्रांत आली. यंत्रणेने गोपनीयतेवर बोट ठेवून सविस्तर कारणं जाहीर केली नाहीत. २०१२ मध्ये मुलं भारतात काकांकडे आली, पुढे कोलकाता उच्च न्यायालयातून आईकडे. यावरून ‘तिथे घास भरवणं गुन्हा’ हे सिद्ध होत नाही. परक्या घरातली माया ओळखायला परक्या अधिकाऱ्याला जड जातं, इतकं मात्र मी मान्य करेन. आम्हालाही पत्र्याच्या खोलीतली माया आधी कुठे ओळखू आली होती?

राहिलं ‘आमचं काय बिघडलं’. जावेला फोन केला आणि सहज विचारलं, तुला कशाने मारायचे गं? ती क्षणभरही थांबली नाही. ‘फुंकणीने. डाव्या पोटरीवर. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तिळाचा डबा सांडला म्हणून. मोरीच्या दारात, ताई, आणि समोर मामी बसली होती, ती हसली.’ या गोष्टीला सेहेचाळीस वर्षं झाली. मग जरा वेळाने म्हणाली, ‘पण तसं काही बिघडलं नाही हं माझं.’