साहेब, झिरो बघा

खंबाटकीचा घाट ओलांडला तेव्हा पेट्रोलचा काटा लाल रेघेवर टेकला होता. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, “पुण्यातच भरलं गेलं असतं तर बरं झालं असतं, नाही?” जावयाला थेट दोष द्यायचा नसतो, म्हणून आमच्याकडे असली वाक्यं कर्मणी प्रयोगात येतात.

बायकोच्या मावसबहिणीचं लग्न कराडला. संध्याकाळी सीमांतपूजन. आणि डिकीत, सासूबाईंनी दीड महिना खपून केलेलं अख्खं रुखवत.

सुरूर फाट्याजवळच्या पंपावर वळलो. टाकी कुठल्या बाजूला, हा प्रश्न मला पडत नाही, कारण काट्याशेजारी छोटा बाण असतो. फोर्ड कंपनीतला जिम मॉयलन पावसात पंपावर गेला, गाडी नेमकी उलट्या बाजूने लागली आणि तो भिजला. त्यातून १९८६ साली त्याने हा बाण सुचवला. भला माणूस. झाकण कुठे आहे ते त्याने सांगून ठेवलं. पुढचं आमचं आम्ही बघायचं होतं.

“झाकण उघडा, दादा,” पंपावरचा पोरगा म्हणाला.

मी दारातलं बटण दाबलं. मागून ‘टुक’ असा आवाज आला. झाकण जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं. टुक. पोरगा नळी हातात घेऊन सवयीने म्हणाला, “साहेब, झिरो बघा.” झिरो मला स्वच्छ दिसत होता. सगळीकडेच दिसत होता.

जुन्या गाडीत सीटखाली एक खटका असायचा. तो ओढला की तार ताणली जायची आणि झाकण फटकन उघडायचं. नव्या गाडीत तारेच्या जागी एक इवलीशी मोटर आली आहे. ती बोटाच्या पेराएवढी पिन आत-बाहेर करते. दहा-बारा लाखांची गाडी, त्या पेराएवढ्या पिनेच्या मर्जीवर.

एव्हाना मागे छोटा हत्ती हॉर्न देत होता आणि माझ्याभोवती सल्लागार मंडळ जमलं होतं. पंपावर हवा फुकट मिळते, सल्ला त्याहून फुकट.

“बॅटरी उतरली असंल.”

“गाडी चालू आहे हो.”

“मग बंद करून बघा.”

केली. चालू केली. दारं किल्लीने तीनदा लॉक-अनलॉक केली, कारण पुष्कळ गाड्यांत हे झाकण दारांच्या लॉकलाच जोडलेलं असतं. तिसऱ्या वेळी दारं लॉक झाली तेव्हा सासूबाई आत होत्या, एवढंच निष्पन्न झालं. मग गुडघे टेकून स्टीअरिंगखालचं फ्यूजचं कपाट उघडलं. फ्यूज शाबूत. तो उडाला असता तर ‘टुक’ तरी कुठून आलं असतं, हे मला फ्यूज बाहेर काढल्यावर सुचलं.

सासरे इतका वेळ हात मागे बांधून गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होते. “आमची चेतक,” ते म्हणाले, “आडवी केली की सुरू व्हायची.” आणि त्यांनी गाडीच्या उंचीकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याने मला घाम फुटला.

हत्तीवाला शेवटी खाली उतरला. त्याने एकदा आवाज ऐकला. “मोटर जित्ती हाय. पिन धरली हाय. पावनं, तुम्ही बटण दाबा, मी झाकण आत रेटतो.” हा पहिला शहाणा सल्ला. झाकण बाहेर ओढलं की पिनेवर ताण येतो आणि ती आणखी घट्ट बसते. आत दाबलं की सैल होते. मी मात्र दहा मिनिटं नखांनी ते बाहेरच ओढत होतो. पण त्या पिनेने घाटातली धूळ बहुधा पोटभर खाल्ली होती. टुक. टुक. काही नाही.

तोवर बायकोने गाडीसोबतचं जाडजूड पुस्तक काढून वाचलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण हे पुस्तक वाचता येतं हे मला त्या दिवशी कळलं. “अहो, डिकीत त्याच बाजूला, अस्तराच्या मागे एक दोरी असते. ओढायची.”

डिकीत.

त्या पंपावर पुढची वीस मिनिटं रुखवताचं प्रदर्शन भरलं. बुंदीच्या लाडवांचा डोंगर हवेच्या मशीनवर. डाळी चिकटवून केलेल्या सप्तपदीची सात पावलं, ऑईलच्या डब्यांवर ओळीने. थर्माकोलचा शनिवारवाडा सासऱ्यांच्या डोक्यावर, कारण वारा सुटला होता. एका एसटीतल्या बायका खिडकीतून विचारत होत्या, “अनारसे घरचे का?” दीड महिन्यात सासूबाईंना एवढं कौतुक पहिल्यांदाच मिळत होतं. येणाऱ्या प्रत्येक नवीन माणसाला त्या सुरुवातीपासून सगळं समजावून सांगायला लागल्या.

मी डिकीत कमरेपर्यंत शिरलो, अस्तर सोडवलं, आत हात घातला. बुटाच्या नाडीएवढी दोरी लागली. ओढली.

झाकण इतक्या सहज उघडलं की मला त्याचा रागच आला.

“साहेब, झिरो बघा,” पोरगा म्हणाला. या वेळी मी भक्तिभावाने पाहिला.

टाकी फुल केली. पोरगा झाकण लावायला गेला तसा मी ओरडलो, “हात लावू नकोस!” आतलं बूच घट्ट फिरवलं आणि बाहेरचं झाकण सताड उघडं ठेवून निघालो. आपल्याकडे रस्त्यावर कुणाचं साईड स्टँड खाली राहिलं, कुणाची ओढणी चाकाजवळ आली, तर अनोळखी माणूस जीव तोडून सांगतो. साताऱ्याच्या पुढे कराडपर्यंत मला हे प्रेम दर दोन मिनिटांनी मिळालं. बुलेटवाल्याने हात केला. ट्रकच्या क्लीनरने शिट्टी मारली. उंब्रजजवळ एका काकांनी स्कूटर आडवी घालून गाडी थांबवली. “झाकण उघडं आहे!” मी प्रत्येकाला हात जोडत गेलो. सासूबाई म्हणाल्या, “वरात बरी निघाली आपली.”

कार्यालयाच्या दारात पोचलो. सप्तपदीतलं पाचवं पाऊल पंपावर राहिल्याचं तिथे लक्षात आलं. फोन करावा का, कुणाला करावा, यावर आम्ही चौघं बोलत असताना नवरीचा धाकटा भाऊ धावत आला. गुणी पोरगा.

“भावजी, हे उघडंच राहिलं होतं,” तो म्हणाला, आणि टाकीवर प्रेमाने हात दाबला.

टुक.