माणशी ३२ लिटर

पहाटे चारपासून मी नळाशी उकिडवा बसलो होतो. पाणी एक दिवसाआड येतं, चाळीस मिनिटं. ती चाळीस मिनिटं नेमकी कधी सुरू होतील, हे कुणी सांगत नाही. आधी नळ खोकतो, मग फुरफुरतो. नळातून निघते ती निव्वळ हवा, पण तिच्या जोरावर मीटर असा गरगर फिरतो की बघत राहावं. त्या हवेची पाणीपट्टी मी नियमित भरतो.

धार सुरू झाली आणि फाटकातून आवाज आला, "काका, दोन मिनिटं आहेत का?"

गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बावीस-तेविशीचा पोरगा. घरगुती पाण्याच्या मागणीचा सर्वे. म्हटलं, आत्ता? तर म्हणे, "पाण्याच्या वेळेला सगळे घरी सापडतात." यावर काय बोलणार?

"रोज किती पाणी वापरता?"

"येईल तेवढं."

"लिटरमध्ये सांगा."

मग आम्ही मोजलं. २०० लिटरचा ड्रम, १५ लिटरच्या आठ बादल्या, माणसं पाच, पाणी दोन दिवसांचं. त्यानं टॅबवर बोट फिरवलं. "माणशी ३२ लिटर. ही तुमची मागणी."

"अरे, ही मागणी नाही, हे मिळतं तेवढं!"

"वापर म्हणजेच मागणी, काका. फॉर्ममध्ये तसंच आहे."

म्हणजे दोन चपात्या वाढायच्या, ताट उचलायचं आणि लिहायचं, भूक दोन चपात्यांची. याच आकड्यावर उद्या पाइपचा व्यास ठरणार, टाकी ठरणार, आणि पुढची तीस वर्षं आमचा नळ असाच खोकत राहणार. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५० ते १०० लिटर लागतात म्हणते. मला वाटायचं आपण तहानलेले आहोत. फॉर्मप्रमाणे आम्ही काटकसरी निघालो.

"पाणी आणायला जाऊन-येऊन किती वेळ लागतो?"

"चारपासून बसलोय."

"नळ अंगणातच आहे ना? मग शून्य मिनिटं." वाट बघण्याला रकाना नव्हता. बाहेरच्या नळावर रांगेत उभा असतो तर वेळ धरला असता. घरच्या नळावर ताटकळणं म्हणजे बहुधा विश्रांती.

एवढ्यात शेजारी मोटर सुरू झाली आणि माझी धार करंगळीएवढी झाली. शेजाऱ्यांवर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण मोटर माझ्याकडेही आहे, त्या दिवशी ती जळलेली होती एवढंच. मोटरी अशा लाइनीतून पाणी ओढतात, आणि पाणी गेल्यावर रिकामा पाइप फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत घेतो. पुढच्या खेपेला पहिल्या दोन बादल्या त्याच रंगाच्या. त्यासुद्धा मागणीतच मोजल्या होत्या.

"समजा, चोवीस तास पाणी आलं, तर महिन्याला किती जास्त द्याल?"

मी एक आकडा सांगितला. त्यानं वाढवला, मी मान डोलावली. आणखी वाढवला. पहाटे साडेपाचला, लुंगी गुडघ्याच्या वर खोचून, मी न येणाऱ्या पाण्याच्या लिलावात बोली लावत होतो. मग चिडलो. ड्रम, गच्चीवरची टाकी, मोटर, फिल्टर, उन्हाळ्यात टँकर, हे काय फुकट येतं? तो शांतपणे म्हणाला, "ते यात बसत नाही. फक्त पाणीपट्टी सांगा."

२८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पाणी हा मानवी हक्क आहे असं मान्य केलं. हक्क मिळाला, प्रेशर तेवढं राहून गेलं. पण ते त्या पोराला ऐकवून काय उपयोग? तोही घरी जाऊन माझ्यासारखाच नळाशी बसत असणार.

नळ घरघरला आणि बंद पडला. बादल्या भरल्या होत्या, ड्रम अर्धाच. त्यानं डोकावून पाहिलं, टॅबवर काहीतरी खोडलं. "मग आज २२ लिटर झाले, काका. मागणी घटली."

सही घेतली. जाताना प्यायला पाणी मागितलं. दिलं. ते कुणाच्या मागणीत धरलं, हे विचारायचं राहून गेलं.