काळा मासा संकट घेऊन जात नाही, तो अमोनियाने मरतो

दर काही महिन्यांनी एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत येतो. वास्तू आणि फेंगशुईच्या नावाने त्यात सांगितलेलं असतं की घराच्या ईशान्येला फिशटँक ठेवा आणि त्यात आठ सोनेरी व एक काळा असे नऊ गोल्डफिश सोडा. टँक लहान असला तरी चालतो, कारण मासा टँकच्या मापानेच वाढतो. दर आठवड्याला सगळं पाणी ओतून टँक घासून लख्ख करा. आणि एखादा मासा, विशेषतः काळा, मेला तर वाईट वाटून घेऊ नका. घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं असं समजा आणि लगेच नवा आणून सोडा.

दिशेबद्दल काही म्हणायचं नाही. ज्याची श्रद्धा असेल त्याने टँक ईशान्येला ठेवावा. फक्त पूर्वेच्या खिडकीतलं ऊन थेट काचेवर पडू देऊ नये, कारण त्याने शेवाळ माजतं आणि उन्हाळ्यात पाणी तापतं. बाकीचे चारही मुद्दे चुकीचे आहेत. त्यातला शेवटचा सगळ्यांत घातक, कारण मासा का मेला हा प्रश्नच तो विचारू देत नाही.

“आठ सोनेरी, एक काळा”

घरोघरी दिसणारा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असतो. काठोकाठ भरला तर त्यात 71 लिटर पाणी मावतं. वरची मोकळी जागा आणि तळाची खडी वजा केली की उरतं जेमतेम 60 लिटर.

आता त्यात अडीच इंच अंगाचे, प्रत्येकी साधारण 15 ग्रॅमचे नऊ मासे धरा. एकूण वजन 135 ग्रॅम. वजनाच्या एक टक्का खाणं म्हणजे रोज 1.35 ग्रॅम, आणि हे कमीच आहे, घरात सहसा याच्या दुप्पट पडतं. 40 टक्के प्रथिनं असलेल्या एक ग्रॅम खाण्यातून माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुमारे 37 मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात उतरतो. म्हणजे रोज 50 मिलिग्रॅम, 60 लिटरमध्ये लिटरमागे 0.8 मिलिग्रॅम. फिल्टर मुरलेला नसेल, म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची वस्ती त्यात बसलेली नसेल, तर तीन दिवसांत हा आकडा अडीचवर जातो.

यातला किती अमोनिया विषारी रूपात असतो ते पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचं माप) आणि तापमानावर ठरतं. पाणी 28 अंशांवर असताना पीएच 7 असेल तर एक टक्क्याहूनही कमी, पण पीएच 8 असेल तर सहा-साडेसहा टक्के. दख्खनच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं आणि त्याचा पीएच आठच्या आसपास असतो. अडीचचे साडेसहा टक्के म्हणजे 0.16. विषारी अमोनिया 0.05 च्या वर राहिला तरी कल्ल्यांना इजा होऊ लागते. नऊ माशांचा टँक चौथ्या-पाचव्या दिवशी का कोसळतो, ते या एवढ्याशा गणितात दिसतं.

फॅन्सी गोल्डफिश म्हणजे गोल अंगाच्या, संथ चालीच्या जाती: ओरांडा, र्युकिन, रान्चू, ब्लॅक मूर, फॅनटेल. पहिल्या माशाला 75 लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला 40 लिटर हे माप धरलं तर नऊ माशांना 395 लिटर पाणी हवं. तो टँक चार बाय दोन बाय दोन फुटांचा होतो. काठोकाठ 450 लिटरचा हा टँक काच, खडी आणि स्टँड धरून अर्ध्या टनाच्या वर जातो. त्याला लोखंडी स्टँड आणि बीमजवळची जागा लागते, टीव्हीच्या युनिटवर तो ठेवता येत नाही. दोन फुटी टँकमध्ये एक फॅन्सी गोल्डफिश ठेवावा. दोन ठेवले तर ते लहान असेपर्यंतच.

आठ-एकचा आकडा पाळायचाच असेल तर त्याच दोन फुटांत आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळी मॉली ठेवा. दोन्ही माशांना जड पाणी मानवतं, 24 ते 28 अंश तापमान मानवतं आणि एका स्पंज फिल्टरवर त्यांचं भागतं. सगळे नर घ्या, नाहीतर दोन महिन्यांत नवाचे साठ होतील. नर ओळखायला सोपा, त्याच्या पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो.

“मासा टँकच्या मापानेच वाढतो”

वाढत नाही, खुरटतो. साठलेला कचरा आणि कोंडलेली जागा यांनी वाढ खुंटते, कणा वाकतो, आयुष्य घटतं. नीट ठेवलेला फॅन्सी गोल्डफिश 15 ते 20 सेंटिमीटरचा होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. वर्षभरात मेलेल्या माशाचं “आयुष्यच तेवढं” नसतं.

“दर आठवड्याला सगळं पाणी ओता, टँक घासा”

स्वच्छतेच्या हौसेने पुष्कळ मासे इथेच मरतात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, त्यातल्या सिरॅमिक रिंगांवर आणि खडीवर चिकटून असतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाखाली धरून स्पंज पिळला, खडी घासली की क्लोरीनने ती वस्ती मरते, घासण्याने उरलेली निघून जाते. टँक काचेसारखा चमकतो आणि आतून पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. हे दर रविवारी झालं तर फिल्टर कधीच मुरत नाही. त्यातच तापमान आणि पीएच एका झटक्यात बदलतात, त्याचा धक्का वेगळा.

त्याऐवजी असं करा. आठवड्यातून एकदा एक तृतीयांश ते अर्धं पाणी सायफनच्या नळीने तळातल्या विष्ठेसकट काढा. काढलेल्या पाण्यातलं एक बादलीभर बाजूला ठेवा आणि स्पंज त्यातच दोन-तीनदा हलका पिळा. स्पंज तपकिरी राहिला तर राहू द्या, पाणी सहज वाहतंय एवढं पुरे. आतल्या रिंगांना हात लावू नका. काच शेवाळापुरती पुसा, साबण अजिबात नको.

पालिकेचं पाणी भरायचं असेल तर आधी त्यातलं क्लोरीन घालवा. दुकानात तयार अँटिक्लोरीन मिळतं. स्वस्तात करायचं तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, 10 ग्रॅम घेऊन 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि दर 10 लिटरला 1 मिलिलिटर टाका. नेहमीच्या नळाच्या पाण्याला हे पुरतं. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर दुप्पट टाका. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं पण विरघळलेला ऑक्सिजनही फार कमी असतो, म्हणून ते रात्रभर पिंपात एअरस्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा. नवं पाणी आणि टँकचं पाणी यांत दोन अंशांहून जास्त फरक नको.

“मेला तर संकट त्याने घेतलं, नवा आणा”

काळा आधी का जातो, याची कारणं त्या माशातच आहेत. तो बहुतेक वेळा ब्लॅक मूर असतो. त्याचे डोळे बाहेर आलेले, नजर कमजोर, अंग गोल, चाल संथ. बरोबरचे सोनेरी मासे अनेकदा लांब अंगाचे साधे गोल्डफिश किंवा कॉमेट असतात. ते खाण्यावर तुटून पडतात आणि मूरला दाणा दिसेपर्यंत संपलेला असतो. टोकदार खडी, प्लास्टिकची झाडं, किल्ल्याच्या शोभेच्या वस्तू यांवर त्याचा डोळा घासतो, पांढुरका होतो, मग सडतो. उपाशी आणि जखमी मासा अमोनियापुढे पहिला पडतो. मूर ठेवायचा असेल तर संथ फॅन्सी माशांबरोबरच ठेवा, तळ मोकळा किंवा वाळूचा ठेवा आणि बुडणारे दाणे रोज एकाच कोपऱ्यात द्या. दहा-बारा दिवसांत तो कोपरा त्याला कळतो.

याच मजकुराला जोडून आणखी एक समजूत चालते, की काळा मासा सोनेरी झाला तर भरभराट होते. मूरचा काळा रंग वयाने, आणि उबदार पाण्यात लवकर, उतरून तांबूस होतो. उलट सोनेरी माशावर अचानक काळे डाग उमटले तर ते बहुधा अमोनियाने भाजलेली कातडी भरून येत असल्याचं लक्षण असतं. त्या दिवशी पाणी तपासा.

मासा मेला की दुकानात जाऊ नका, आधी पाणी तपासायचं टेस्ट किट काढा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं, नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या खाली. पहिल्या दोघांपैकी काहीही दिसलं तर लगेच अर्धं पाणी बदला, दोन दिवस खाणं बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. नायट्राइट असेल तर लिटरमागे 1 ग्रॅम मीठ विरघळवून टाका. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, म्हणून पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचं मीठ पुन्हा घाला.

मेलेल्या माशाकडेही नीट पाहा. कल्ले तपकिरी असतील तर नायट्राइट. परांवर लाल रेघा असतील तर अमोनिया किंवा जिवाणूंचा संसर्ग. अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट हा परजीवीचा आजार. यातलं काहीच नाही, मासा पहाटे मेला, उरलेले वर येऊन तोंड उघडमीट करतायत आणि महिना एप्रिल-मे आहे, तर ऑक्सिजन कमी पडला. 20 अंशांवर लिटरभर पाण्यात 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांवर साडेसात. फॅन्सी गोल्डफिशला 18 ते 24 अंश बरे वाटतात. रात्री एअर पंप बंद करू नका आणि पाण्यावर तिरका छोटा पंखा लावा. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत पंख्याने पाणी तीन-चार अंश उतरतं. मुंबईत आणि कोकणात हवा दमट, तिथे एवढा फरक पडत नाही. तिथे पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या आलटून पालटून सोडाव्या लागतात.

दुकानदाराने दिलेलं निळं औषध मुख्य टँकमध्ये ओतू नका. त्यातली मिथिलीन ब्लू फिल्टरच्या जिवाणूंनाही मारते आणि काचेच्या जोडांवरचं सिलिकॉन कायमचं निळं करते. आजारी माशाला वेगळ्या टबात घ्या.

नवा मासा आणायचाच तर अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य राहू द्या. आणल्यावर त्याला चार आठवडे वेगळ्या 40 लिटरच्या टबात ठेवा. त्या टबासाठीचा स्पंज महिनाभर आधीच मुख्य टँकमध्ये चालवून मुरवलेला असावा, नाहीतर टबातही अमोनियाच साठेल. दुकानातला मासा कोलकात्याहून किंवा चेन्नईच्या कोळथूरहून पिशवीत प्रवास करून आलेला असू शकतो. कल्ल्यांतले फ्लूक, अँकर वर्म, माशांच्या उवा हे सगळे परजीवी असतील तर ते या चार आठवड्यांत दिसून येतात.