"नवीन फॉर्म भरून द्या" म्हणाले, तर लगेच भरू नका

निराधारचा पगार, म्हणजे सरकारकडून दर महिन्याला मिळणारी मदत, बंद झाला की तहसीलला एकच उत्तर ठरलेलं असतं, "नवीन फॉर्म भरून द्या." संजय गांधी निराधार योजना असो की श्रावणबाळ योजना. माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे, लगेच भरू नका. आधी विचारा, जुना का बंद केला? आणि उत्तर लेखी मागा.

नवीन फॉर्म भरला की जुना बंद केला ते बरोबरच होतं, असं आपणच कबूल केल्यासारखं होतं. मधल्या महिन्यांचे पैसे मग कोणी काढत नाही. पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा सेतूची रांग, पुन्हा मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक कधी लागते याची वाट. महिन्याचे १५०० रुपये, पण ज्यांची बीपीची गोळी त्यावर चालते त्यांना विचारा.

आमच्या गल्लीतल्या एका आजींचं असंच झालं. पंच्याहत्तरी ओलांडलेली, रेशनकार्ड वेगळं, चूल वेगळी. पासबुक भरून आणलं, वाचता येत नाही, तरी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारत होत्या, "भाऊ, मना पैसा काब बंद व्हयनात?" काउंटरवर तोंडी कारण मिळालं, मुलगा कमावता आहे. मुलगा सुरतला लूमवर कामाला, भाड्याच्या खोलीत चार माणसं. त्याचंच त्याला पुरत नाही.

आधी बँकेत खात्री करून घेतली. हे प्रत्येकानेच करावं, कारण आता पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात आणि कधी कधी दुसऱ्याच जुन्या खात्यात पडून असतात. तसं नव्हतं. हयातीचा दाखलाही दिलेला होता. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाही. चार गोष्टी मागितल्या: बंद केल्याचा आदेश, चौकशी अहवाल, फाइलवरची टिपणी आणि समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. ३० दिवसांत माहिती द्यावीच लागते, नाही दिली तर पहिलं अपील.

अहवाल हातात आला आणि डोकं तापलं. छापील कागद, एका ओळीचा शेरा. आजींचा अंगठा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्याची सही नाही. चौकशीला दारात कोणी आलंच नव्हतं. तलाठीआप्पांवर राग काढून उपयोग नाही, एकेकाकडे किती गावं असतात ते मला माहीत आहे. पण बसल्या जागी शेरा मारून म्हाताऱ्या माणसाचं औषध बंद करायचा हक्क कोणालाच नाही.

१९७८ साली मनेका गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माणसाचं म्हणणं न ऐकता त्याच्याविरुद्ध निर्णय घेणं न्यायाला धरून नाही. तिथे प्रश्न पासपोर्टचा होता. शिंदखेड्याच्या, साक्रीच्या, चोपड्याच्या आजीबाईला तोच न्याय का नको?

आणि ती उत्पन्नाची मर्यादा! कुटुंबाचं वर्षाला २१ हजार, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. कपाशी वेचायला चार दिवस जास्त गेलं तरी माणूस कागदावर श्रीमंत होतो. ही मर्यादा वाढवा, ही मागणी आपल्या आमदारांकडे प्रत्येक गावातून गेली पाहिजे.

आम्ही तहसीलदारांना लेखी हरकत दिली, सोबत वेगळ्या रेशनकार्डाची झेरॉक्स आणि शेजाऱ्यांच्या सह्या. आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडलं नाही. पोच नसेल तर तुमचा कागद तिथे कधी गेलाच नव्हता, असं सांगायला कोणी कचरत नाही. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांनाही पाठवली.

पगार सुरू झाला. मधली थकबाकी अजून मिळालेली नाही. "ती विसरा आता," असं समजावणारे बरेच भेटले. विसरणार नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला लोकशाही दिन असतो, तिथला अर्ज तयार आहे. तुमच्या गावात कोणाचा पगार असा बंद झाला असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, अर्जाचा नमुना देतो. पासबुक आणि रेशनकार्डाचा फोटो मात्र कमेंटमध्ये टाकू नका.