२५२० या संख्येत रहस्य नाही, लसावि आहे

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर तो संदेश पुन्हा आला. २५२० या संख्येला १ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जातो, अशी संख्या असणे गणितज्ञांना अशक्य वाटत होते, ती रामानुजन यांनी शोधली आणि तिचे रहस्य आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांच्या गुणाकारात आहे, असे त्यात म्हटले आहे. सहावीतल्या माझ्या भाचीने तो वहीत उतरवून घेतला, आणि त्याच वहीत दोन पाने आधी तिने लसाविची उदाहरणे सोडवलेली होती. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

‘अशक्य’ हा शब्द प्रथम बाजूला काढू. १ ते १० यांचा नुसता गुणाकार केला तरी ३६,२८,८०० ही तशी संख्या मिळते, आणि २५२० ची प्रत्येक पट तशीच असते. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजेच लसावि. लसावि काढण्याची रीत युक्लिडच्या ग्रंथातही आहे, आणि इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त त्याला ‘निरुद्ध’ अशी संज्ञा वापरली आहे.

मला सर्वांत जास्त खटकते ते दिवस-महिन्यांचे ‘रहस्य’. १ ते १० यांमध्ये २ चा सर्वांत मोठा घात ८ आहे, ३ चा ९ आहे, आणि ५ व ७ एकेकदाच लागतात; ८ × ९ × ५ × ७ = २५२०, एवढेच त्याचे कारण. ३० × १२ म्हणजे ३६०, आणि त्यात ८, ९ व ५ आधीच आहेत. उणा राहिलेला ७ आठवड्यातून आला. नवग्रह, अष्टप्रहर, सप्तस्वर आणि पंचमहाभूते यांचा गुणाकारही २५२० च येतो, पण त्यावरून ग्रहांचा आणि स्वरांचा संबंध सिद्ध होत नाही. ३६० दिवसांचे सावन वर्ष आपल्याकडे मानले जाई, हे मला मान्य आहे; परंतु त्या दिवसांना आणखी ७ दिवसांनी गुणून कोणतेही कालमान तयार होत नाही.

रामानुजन यांचा या संख्येशी संबंध आहे, हेही मान्य करावे लागेल, मात्र तो निराळा आहे. १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दीर्घ शोधनिबंधात, आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून अधिक विभाजक असणाऱ्या संख्यांचा अभ्यास आहे. २५२० ला ४८ विभाजक आहेत, म्हणून ती त्यांच्या सारणीत येते. पण ती सारणी तेरा अंकी संख्येपर्यंत जाते आणि अशा संख्यांच्या मूळ अवयवांचे घात कोणत्या नियमाने उतरत जातात, हा त्या निबंधाचा गाभा आहे. ज्यांनी हे काम केले, त्यांच्या नावावर सहावीचा लसावि खपवणे हा त्यांचा गौरव नव्हे.

भाचीला मी एवढेच विचारले, की १ ते ११ साठी काय करशील? तिने २५२० ला ११ ने गुणून २७,७२० काढले, आणि मग न विचारताच म्हणाली, “आत्या, १२ साठी काहीच करावे लागत नाही, ४ आणि ३ यात आधीच आहेत.”