हॉटेलातला बास कोलशेतच्या फ्लॅटमध्ये का फुगतो

हाय-फाय, म्हणजे महागड्या म्युझिक सिस्टिमचं, प्रदर्शन ऐकून आलेल्यांची निरीक्षणं म्हणून एक लांबलचक मजकूर ठाण्या-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचा गाभा असा: पाच लाखांपासून पन्नास लाखांपर्यंतच्या सिस्टिम ऐकल्या, किंमत चढेल तसा आवाज चढत गेला. तिथे ऐकलं तेच घरी मिळणार, म्हणून आवडलेला संच डोळे मिटून उचलावा. पॉवर केबल बदलून दाखवली तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाला फरक कळला. रेकॉर्डच खरी, सीडी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा आवाज. ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, दोनशे वॉटच्या खाली नको, आणि दोनशे तास वाजल्याशिवाय मत देऊ नये. खोलीचं काय, अंड्याचे ट्रे ठोकले की झालं.

लिहिणाऱ्याच्या कानांबद्दल तक्रार नाही. त्याने ऐकलं ते ऐकलंच. पण त्या आवाजाचं श्रेय त्याने ज्याला दिलंय, त्यातलं बरंचसं भलत्याच्या खात्यावर जमा झालंय.

“किंमत चढेल तसा आवाज चढत गेला”

किंमत आधीच कानावर पडलेली असताना हे ऐकलेलं आहे. 1994 साली हरमन या ऑडिओ कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 40 जणांना तेच चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्याआड. समोर दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना गुण चढले आणि स्वस्तातल्या छोट्या संचाचे उतरले. पडद्याआड ही दरी बरीच मिटली. आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. स्पीकरची जागा हलवल्यावर आवाजात जो बदल होतो, तो पडद्याआड लोकांना नीट कळत होता. स्पीकर दिसायला लागले की तोच बदल त्यांच्या लक्षात येईनासा झाला.

पैशाने काहीच मिळत नाही असं कुणी म्हणू नये. खालचे सूर काढणारा मोठा वूफर, जड आणि न थरथरणारी पेटी, वरचे सूर काढणारा आणि मोठ्या आवाजातही न चिरकणारा ट्वीटर, 30 हर्ट्झच्या (सेकंदाला 30 कंपनांच्या) खाली उतरणारा बास, हे सगळं पैसे मोजून मिळतं. फक्त 140 चौरस फुटांच्या हॉलमध्ये त्यातलं किती वापरता येईल, हा हिशोब त्या मजकुरात नाही.

“तिथे ऐकलं तेच घरी मिळणार”

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच, म्हणून इथे जरा थांबू.

अशी प्रदर्शनं बहुधा हॉटेलांच्या खोल्यांत भरतात. पलंग बाहेर काढलेला असतो. खाली जाड गालिचा, खिडकीला जाड पडदे, वर फॉल्स सीलिंग, आणि दोन खोल्यांमधली भिंत पुष्कळदा जिप्सम बोर्डची. असा बोर्ड खालच्या सुरांना किंचित लवतो आणि त्यांची ताकद खातो. उरलेला बास शेजारच्या खोलीत गळतो. शिवाय पंधरा-वीस माणसं बसलेली, म्हणजे चालताबोलता कापूसच. ठाण्यात घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत मात्र मिवान पद्धतीचं बांधकाम सर्रास आहे: ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला सरकती काच. काँक्रीट लवत नाही आणि बासला बाहेर जाऊ देत नाही. हॉटेलात सडपातळ वाटलेला स्पीकर त्याच भागातल्या कोलशेतला आणला की तोच फुगतो.

किती फुगेल, हे टेपने मोजून आधी सांगता येतं. आवाजाचा वेग आपल्याकडच्या हवेत सेकंदाला साधारण 346 मीटर. त्याला भिंतीभिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. हॉल 10 बाय 14 फुटांचा आणि छत साडेनऊ फुटांवर असेल, तर खोलीचे स्वतःचे सूर, म्हणजे ज्यांना ती आपणहून घुमते ते, येतात सुमारे 40, 57 आणि 60 हर्ट्झ. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने शेवटचे दोन एकमेकांच्या अंगावर बसतात, आणि बास गिटारची खालची काळी पाच, म्हणजे 58 हर्ट्झ, नेमकी तिथेच पडते. बाकीचे सूर नीट, तो एकच सूर घर डोक्यावर घेतो. ॲम्प बदला, डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) बदला, तो तसाच राहणार.

दुसरं दुखणं उलटं आहे: आवाज गायब होण्याचं. वूफरमधून मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि एका सुराला पुढच्या आवाजाशी वजाबाकी करतो. तो सूर काढायला 346 ला अंतराच्या चौपटीने भागायचं. वूफर मागच्या भिंतीपासून 62 सेंटिमीटरवर असेल तर खड्डा पडतो 139 हर्ट्झच्या आसपास. काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांचा षड्ज 138.6 हर्ट्झ. म्हणजे ज्या सुरावर सगळं गाणं उभं आहे तोच खड्ड्यात, आणि मालक म्हणतो, “स्पीकर जरा पातळ वाटतो.” काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज 208 हर्ट्झ, त्यांच्यासाठी वाईट अंतर 42 सेंटिमीटर. प्रदर्शनवाले स्पीकर दीड-दोन मीटर पुढे ओढून हा खड्डा गाण्याच्या खूप खाली नेतात. आपल्या हॉलमध्ये तेवढी जागा सोडली तर जेवणाचं टेबल बाल्कनीत जाईल. मग दुसरा रस्ता धरायचा: पुढे पोर्ट (बास बाहेर सोडणारं भोक) असलेला किंवा बंद पेटीचा स्पीकर भिंतीच्या 20 सेंटिमीटरच्या आत सरकवायचा. खड्डा 430 हर्ट्झच्या वर जातो, तिथे तो मागच्या भिंतीवर लावलेल्या चार इंची रॉकवूलला (दगडी लोकरीला) आवरतो. भिंतीजवळ नेल्याने बास वाढतो, तो टोन कंट्रोलने किंवा इक्वलायझरने उतरवायचा.

क्रम असा ठेवा. आधी सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या. डोकं भिंतीला टेकलेलं असलं की खोलीचे सूर सगळ्यात जोरात ऐकू येतात. मग दोन्ही स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, दोन ते सव्वादोन मीटरचा. ट्वीटर कानाच्या पातळीत, जमिनीपासून 90 ते 100 सेंटिमीटर. टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबलेला बुकशेल्फ स्पीकर म्हणजे माठात तोंड घालून गाणं. त्यानंतर फोनवरून 30 ते 120 हर्ट्झचा सावकाश चढणारा सूर वाजवायचा, जमिनीवर मास्किंग टेपच्या खुणा करून स्पीकर एका वेळी 10 सेंटिमीटरने हलवायचा, आणि कुठे सूर उसळतो, कुठे बुडतो ते लिहायचं. यूएसबी मोजणी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर असेल तर आलेखच समोर येतो. उसळी इक्वलायझरने कापता येते. खड्डा भरता येत नाही: 6 डेसिबल वाढवायला ॲम्पकडून चौपट पॉवर जाते आणि वजाबाकीही तितकीच वाढते. तिथे स्पीकर किंवा सोफा हलवणं एवढाच उपाय.

आणि प्रदर्शनात काय वाजवतात तेही पाहा. एक गायिका, एक गिटार, फार तर एक डबल बास. अशा रेकॉर्डिंगला खोली फारसा त्रास देत नाही. पेन ड्राइव्हवर ढोलकीची लावणी आणि तंबोऱ्यासकट विलंबित ख्याल घेऊन जा, आणि मधली खुर्ची सोडून कडेच्या खुर्चीतही ऐका. तो मजकूर म्हणतो, आवाज अगदी मैफलीसारखा होता. पण ठाण्याच्या गडकरी रंगायतनला किंवा घाणेकर नाट्यगृहात आपण बहुतेकदा माइकमधून, तिथल्या स्पीकरांवरच गाणं ऐकतो. तुलना नक्की कशाशी, हे एकदा ठरवायला हवं.

“पॉवर केबल बदलली आणि सगळ्यांना फरक कळला”

केबल बदलायला मिनिटभर तरी जातं, आणि आवाजाचे बारकावे कान काही सेकंदांपलीकडे धरून ठेवत नाही. मधल्या वेळात व्हॉल्यूमला हात लागला आणि आवाज अर्ध्या डेसिबलने वाढला, तर कुणालाही तो मोठा वाटत नाही. जास्त स्वच्छ, जास्त खुला वाटतो. जी केबल चांगली ठरवायची ती नेहमी दुसऱ्यांदा लावली जाते, हेही लक्षात ठेवा. मीटरपासून बोर्डापर्यंत भिंतीत इलेक्ट्रिशियनने ओढलेली अडीच किंवा चार एमएमची साधी वायर आहे. शेवटच्या दीड मीटरला लाख रुपये घातल्याने आधीची तीस मीटर सुधारत नाहीत.

स्पीकर केबलचं गणित वेगळं, पण सोपं. अडीच एमएमच्या तांब्याच्या मल्टिस्ट्रँड वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण 8 ओहम. तीन मीटर लांबी, जाऊन-येऊन सहा, म्हणजे 0.05 ओहमच्या आत. 4 ओहमच्या स्पीकरला नुकसान 0.1 डेसिबल. दिव्याची 0.75 एमएमची वायर लावली तर तेच 0.3 च्या थोडं पुढे जातं, म्हणून ती टाळावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अडीच एमएमची मीटरवर घ्या, टोकं नीट सोला, एक तंतूही शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नका. या कामात वायरच्या दर्जापेक्षा हा एक तंतू जास्त ॲम्प जाळतो.

तरीही फरक ऐकू येतो असं वाटत असेल, तर तो सिद्ध करायला एक दुपार पुरते. 200 हर्ट्झचा सूर लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा (साधे मल्टिमीटर 400 हर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात), आणि दोन्ही केबलना रीडिंग एका टक्क्याच्या आत आणा: 2.00 आणि 2.02 चालेल. मग दुसऱ्याने नाणं उडवून केबल लावायची, ऐकणाऱ्याने ओळखायची, 16 वेळा. 12 बरोबर आल्या तर बोलू. नुसत्या नशिबाने तेवढ्या येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी आहे.

ट्यूब ॲम्पच्या, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्पच्या, बाबतीत मात्र फरक खरा असतो आणि मोजताही येतो. आउटपुट इम्पीडन्स (ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा) 2 ओहम असलेला ट्यूब ॲम्प 4 ते 20 ओहममध्ये वरखाली होणाऱ्या स्पीकरला लावला, तर सुरासुरांत पावणेतीन डेसिबलपर्यंत उंचसखलपणा येतो. ज्याला ऊब म्हणतात ती पुष्कळदा हीच. आवडली तर घ्यावी, पण स्पीकर बदलला की ऊबही बदलते.

“सीडी म्हणजे पायऱ्या”

पायऱ्या चित्रात असतात, तारेत नसतात. सीडीवर सेकंदाला 44,100 मापं आहेत, ठिपके. डॅकमधला फिल्टर त्यांतून 22.05 किलोहर्ट्झच्या खालची एकच गुळगुळीत रेषा काढतो. त्या ठिपक्यांतून दुसरी रेषा जातच नाही. 16 बिटांना सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत 96 डेसिबलचा पल्ला मिळतो. पंखा चालू असलेल्या, बाहेर मेट्रोचं काम सुरू असलेल्या हॉलची शांतता 40-45 डेसिबलच्या खाली जाणं मुश्किल. त्यावर 96 चढवून पाहा, एवढ्या मोठ्याने घरात कुणी वाजवणार नाही. चांगल्या रेकॉर्डचा पल्ला साधारण 60-70 डेसिबलचा.

24 बिट, 192 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मापांच्या फायलींचा आग्रहही इथेच निकालात निघतो, जवळजवळ. 2007 साली मेयर आणि मोरन यांनी हाय-रेझोल्यूशन आवाजाच्या वाटेत सीडीच्या दर्जाची कडी घालून लोकांना ओळखायला लावली: 554 पैकी 276 उत्तरं बरोबर, म्हणजे नाणेफेक. जोशुआ राइस यांनी 2016 मध्ये 18 प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा 52.3 टक्के आले. फरक असलाच तर तो एवढा आहे, दरवाजातून ओळखू येण्याजोगा नाही.

मग रेकॉर्ड खरंच वेगळी का वाटली? कारण बहुधा तिचं मास्टरिंग (छापण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) वेगळं असतं. त्याच अल्बमची सीडी आवाज दाबून, सतत वरच्या पट्टीत ठेवून काढलेली असते. तबकडीवर ते तसंच कोरणं अवघड, म्हणून तिच्यासाठी मोकळं मास्टर बनतं. 2022 साली मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या रेकॉर्डमध्ये वर्षानुवर्षं डिजिटल टप्पा होता हे उघड झालं. तोवर त्याच रेकॉर्ड निखळ ॲनालॉगचा नमुना म्हणून वाखाणल्या जात होत्या. रेकॉर्ड जरूर वाजवा. फक्त पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते. रेकॉर्ड भिंतीतल्या कपाटाऐवजी हवेशीर रॅकवर उभी ठेवा.

“दोनशे वॉट, दोनशे तास”

87 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (एका वॉटला मीटरभरावर तेवढा आवाज देणारे) दोन स्पीकर, अडीच मीटरवर श्रोता: एका वॉटला 83 डेसिबलच्या आसपास मिळतात, हेच बऱ्यापैकी मोठं ऐकणं झालं. 50 वॉटला 100 डेसिबल. 200 वॉटने त्यावर फक्त 6 मिळतात, आणि वरच्या मजल्यावरचे काका त्याआधीच बेल वाजवतात.

नव्या वूफरचं निलंबन काही तासांत थोडं सैल पडतं, हे खरं. पण रोज दोन तास ऐकलं तर 200 तासांना शंभर दिवस लागतात, आणि माल परत घेण्याची मुदत तोवर कधीच संपलेली असते.

“अंड्याचे ट्रे ठोकले की झालं”

ट्रेचा पुठ्ठा पातळ. तो फक्त वरचे सूर थोडे खातो. 100 हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्साच 86 सेंटिमीटरचा असतो, ट्रे अडीच इंचांचा. परिणामी खोली मुकी होते आणि बास तितकाच घुमतो. वर पुठ्ठा पेट घेतो, पाली आणि झुरळं बोनस. त्याऐवजी घनमीटरला 48 किलो घनतेच्या रॉकवूलचे दोन इंची स्लॅब, दोन एकावर एक, लाकडी चौकटीत घालून सुती कापडाने बंद करा. बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवायला सांगा. सोफ्यावरून ज्या जागी त्यात स्पीकर दिसेल तिथे एक चौकट, दोन्ही बाजूंना. उरलेल्या चौकटी मागच्या कोपऱ्यांत, जमिनीपासून छतापर्यंत. हॉलच्या मधोमध टाळी वाजवून पाहा: झांजेसारखी थरथर ऐकू येत असेल तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींपैकी एकीवर अजून काम बाकी आहे. बाहेरच्या भिंतीला चौकट चिकटवू नका, दोन इंच हवा सोडा. खालचे सूर थोडे जास्त शोषले जातात, आणि जुलैत त्या भिंतीला ओल आली तर ती रॉकवूलमध्ये शिरण्याआधी दिसते.